अब्रूचे चाळीस सेकंद

विद्वान माणसाला कॅमेऱ्यासमोर बसवणं आणि मांजराला आंघोळ घालणं यांत फरक एवढाच, की मांजर निदान वेळेत आटोपतं. हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या संशोधन संस्थेच्या सभागृहात बावीस वर्षं मी भिंतीवर चित्रं पाडायचं यंत्र चालवलं. मग एके दिवशी संचालकांनी तीन कॅमेरे, दोन लॅपटॉप आणि हत्ती बांधून ठेवता येईल एवढ्या तारा आणल्या आणि म्हणाले, “मामा, आजपासून आपलं प्रत्येक व्याख्यान, प्रत्येक परिषद इंटरनेटवरून थेट दाखवायची. सगळं जग बघणार.”

जग म्हणजे सतरा माणसं. त्यांतले नऊ वक्त्याचे नातेवाईक, दोघे त्याच्या चुका टिपायला बसलेले, पाच चुकून आलेले आणि सतरावा मी. चित्र बाहेर पोचतंय की नाही हे बघायला माझा दुसरा फोन उघडून ठेवलेला असतो, तो.

या सतरा माणसांसाठी मी काय काय सोसलं म्हणून सांगू! एक तर्कशास्त्राचे प्राध्यापक घरून बोलले, तेव्हा लॅपटॉप असा ठेवला की पाऊण तास आम्हाला फक्त त्यांचं छत दिसलं. छताच्या कोपऱ्यात एक कोळी जाळं विणत होता. व्याख्यान संपेपर्यंत त्याचं दुसरं जाळं होत आलं, आणि शेवटी जे चार प्रश्न आले ते चारही कोळ्याबद्दल होते. एक रसायनवाले पन्नास मिनिटं आवाज बंद ठेवून बोलले. मी फोन केला, निरोप धाडले, शेवटी त्यांच्या शेजाऱ्याला उठवून त्यांच्या खिडकीवर टकटक करायला लावली. तेव्हा त्यांनी आवाज सुरू केला, “काही शंका?” असं विचारलं आणि निघून गेले. आणि एका तत्त्वज्ञांचा असा समज होता की कॅमेऱ्यावरचा लाल दिवा म्हणजे थांबायची खूण. मी कॅमेरा सुरू केला की ते गप्प. बंद केला की बोलायचे. त्या दिवशी पाहणाऱ्यांनी कळवलं, की इतकं खोल व्याख्यान आजवर ऐकलं नव्हतं.

तर असो. आमच्याकडे एक खास पद्धत आहे, ती आधी सांगतो. सभागृहातलं चित्र जगापर्यंत पोचायला सगळीकडेच पाच-सात सेकंद लागतात. आमच्याकडे चाळीस लागतात, आणि ते मुद्दाम. झालं असं, की एका पाहुण्यांनी भाषण संपल्यावर माइक बंद आहे असं समजून शेजाऱ्याला सांगितलं, “हा माणूस संचालक कसा झाला, यावरच एक परिषद भरवायला हवी.” त्या दिवशीच्या सतरा माणसांत संचालकांचे सासरे होते. दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला: जे काही जायचं ते चाळीस सेकंद उशिरा जाईल. तेवढ्यात कुणी भलतंसलतं बोललं, तर मामांनी लाल बटण दाबायचं. म्हणजे ते वाक्य जगापर्यंत जाणार नाही, जगाला संस्थेच्या इमारतीचा फोटो दिसेल. यालाच आम्ही अब्रूचे चाळीस सेकंद म्हणतो.

आता माझ्या भाचीकडे येतो. ती मामा म्हणते म्हणून अख्खी संस्था मला मामा म्हणते. संचालकसुद्धा, आणि ते माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे आहेत. तळमजल्यावरची शेवटची, ओल आलेली खोली तिची. त्या खोलीत काचेच्या पेट्या, आणि पेट्यांत गोगलगायी. सहा वर्षं ती एकच गोष्ट बघत होती: गोगलगाय घरातून बाहेर पडते कुठून आणि परत येते कुठून. प्रत्येकीच्या पाठीवर नेलपॉलिशनं नंबर घातलेला. माझी बहीण म्हणते, “पोरीच्या स्वतःच्या नखांना कधी रंग लागला नाही, आणि गोगलगायींचं नटणंमुरडणं चाललंय!”

तिच्या वाटेत धोंड एकच, आणि ती एक्याऐंशी वर्षांची होती. आमचे थोरले सर. चाळीस वर्षांपूर्वी सरांनी आपल्या घरामागे एका उन्हाळ्यात अकरा गोगलगायी पाहिल्या आणि सिद्धान्त मांडला, की गोगलगाय ज्या चिकट वाटेनं जाते त्याच वाटेनं घरी परतते. ‘परतवाट’ म्हणतात त्याला. तेव्हापासून तो पुस्तकात आहे, परीक्षेत आहे, आणि सरांच्या घराच्या फाटकावरही आहे. घराचं नावच ‘परतवाट’. आणि माझ्या भाचीचा शोध काय? तर गोगलगाय बहुतेक वेळा दुसऱ्याच वाटेनं येते, आणि तरी नेमकी घरी पोचते. तिनं दोनशे पानं लिहून सरांकडे दिली. सरांनी ती घेतली, लाल पेन्सिल कानावर खोवली आणि आठ महिने एक अक्षर बोलले नाहीत.

यंदाची परिषद जवळ आली तशी संचालकांनी भाचीला बोलावून घेतलं. मी तिथेच टेबलाखाली तार शोधत होतो.

“सकाळी तुझं भाषण,” संचालक म्हणाले, “दुपारी समारोपाला सर तुझ्या कामावर मत देतील. ते चांगलं म्हणाले तर खोली तुझी. नाही म्हणाले, तर एक तारखेपासून ती रिकामी करायची. सभागृहातल्या मोडक्या खुर्च्या ठेवायला जागा नाहीये.”

“आणि गोगलगायी?”

“बागेत सोडून दे. त्यांना घर सापडतं म्हणतेस ना?”

मी टेबलाखालून म्हणालो, “खुर्च्यांना ओल बाधेल हो.”

“मामा, तुम्ही तारा बघा.”

सर ‘चांगलं’ म्हणतील ही आशा करणं म्हणजे रेड्याकडून दूध काढणं. या माणसानं जन्मात कुणाला होकार दिलेला नाही. ‘सर, आज उकडतंय’ म्हटलं तर ते स्वेटर घालायचे. त्यांच्या बाई सांगतात, लग्नात ‘मुलगी पसंत आहे ना’ विचारल्यावर हे म्हणाले होते, ‘नापसंत नाही.’ पंचावन्न वर्षं त्या एवढ्यावर संसार करतायत.

त्यात सरांचा माझ्यावर राग. गेल्या वर्षी माझ्या हातून सुरू करायचं बटण दाबायचं राहिलं, आणि सरांचं अठ्ठेचाळीस मिनिटांचं भाषण जगात कुठेच गेलं नाही. माझ्या दुसऱ्या फोनची बॅटरीसुद्धा त्या दिवशी संपलेली होती. म्हणून यंदा ते आल्या आल्या म्हणाले, “लिंक माझ्या फोनवर द्या. मी स्वतः बघणार, सुरू आहे की नाही. तुमच्यावर विश्वास नाही.”

दिली. त्यांनी उघडली, त्यात मंचावरची रिकामी खुर्ची दिसली, समाधान झालं, आणि फोन तसाच चालू स्थितीत कोटाच्या आतल्या खिशात टाकला. मी म्हटलं, “सर, तो बंद करून—”

“मला शिकवू नका.”

मी हात टेकले. कानाला खडा लावला, की आज या माणसाला एक शब्द सांगायचा नाही.

सकाळी भाची बोलली. छान बोलली, भरभर बोलली, पाणी न पिता बोलली. मग सभागृहाच्या मागच्या माझ्या खोक्यात आली. खोकं म्हणजे लाकडी खोली, पुढे काच, आत मी आणि तारा.

“मामा, पाणी आहे?”

“घे. सर काही म्हणाले?”

“एकदा मान हलवली.”

“मग झालं की!”

“माशी बसली होती कानावर.”

दुपारी सर समारोपाला उभे राहिले. मी तीनही कॅमेरे तपासले, बटण दाबलं, पुन्हा तपासलं, तिसऱ्यांदा तपासलं. तेवढ्यात सरांच्या बाईंचा फोन. त्या घरून बघतात आणि दर भाषणाला मला फोन करतात.

“भाऊजी, यांची कॉलर डावीकडून आत गेलीये.”

“बाई, आता भाषण सुरू झालंय.”

“मग त्यांना खूण करा. अख्ख्या जगाला वाटेल, मी लक्ष देत नाही.”

“जग म्हणजे सतरा माणसं आहेत, बाई.”

“त्यांतल्या पाच माझ्या बहिणी आहेत!”

मी फोन ठेवला. इकडे सर घसा खाकरून म्हणत होते, “परतवाटेचा सिद्धान्त मी मांडला, तेव्हा समोर बसलेल्यांपैकी निम्मे रांगत होते. अकरा गोगलगायी, एक उन्हाळा आणि माझे दोन डोळे. एवढा पुरावा पुरेसा होता आणि पुरेसा आहे.”

तिसऱ्या रांगेत भाचीनं मान खाली घातली. मला काचेतून तिची फक्त वेणी दिसत होती, पण खोली गेली हे त्या वेणीवरूनही कळत होतं.

सर त्या उन्हाळ्याच्या हवामानाचं वर्णन करू लागले आणि एकाएकी थांबले. हात कानाला गेला.

“कोण बोलतंय ते?”

एकानं आलेली शिंक परत पाठवली.

“मध्ये बोलायचं नाही. शंका शेवटी.” सर पुन्हा हवामानावर आले. अर्धं मिनिट जरा बरं गेलं. मग चेहरा लालबुंद झाला. “मला सांगता मध्ये बोलायचं नाही? अहो, सभा माझी, माइक माझा, गोगलगाय माझी! तुम्ही कोण?”

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मीही बघितलं, आणि सरांच्या कोटातून एक फिकट उजेड येत होता तो दिसला. तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं.

झालं होतं ते असं. बाईंनी सरांना नीट ऐकू यावं म्हणून नवी कानातली यंत्रं घेतली होती, आणि सरांनी ती सकाळी नाही, समारोपापुरती दुपारीच कानात घातली होती. ती फोनला जोडलेली असतात. फोनमध्ये जे वाजेल ते थेट कानात, आणि बाहेरचा आवाज आपोआप बारीक. फोनवर आमचं प्रक्षेपण चालू. म्हणजे सर जे बोलत होते, तेच चाळीस सेकंदांनी त्यांना स्वतःच्या कानात ऐकू येत होतं. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की माणसाला तो ओळखता येत नाही, हे या धंद्यात मी रोज बघतो. आणि सरांनी तर ऐकणं हा प्रकारच आयुष्यात फारसा केलेला नव्हता. त्यांना वाटलं, इंटरनेटवरून कुणीतरी आगाऊ माणूस भाषणात घुसलाय.

लाल बटण दाबलं असतं तर जगाला इमारत दिसली असती आणि सरांच्या कानात शांतता झाली असती. मी हात पुढे केला. तेवढ्यात पुन्हा बाईंचा फोन.

“भाऊजी, हे कुणाशी भांडतायत?”

“बाई, स्वतःशीच.”

मग त्या म्हणाल्या, “मग असू दे. पंचावन्न वर्षं ते काम मी एकटी करतेय. आज दुसरं माणूस मिळालंय, तर मी चहा टाकते.”

मंचावर सर आता हातवारे करत होते. “मी कोण? मला विचारताय मी कोण? ऐका नीट. मी अकरा गोगलगायी मोजल्यात. अकरा! त्यावर हा सिद्धान्त उभा आहे. तुम्ही किती मोजल्यात? बोला! आकडा बोला!”

खोक्याचं दार उघडलं आणि भाची आत आली.

“मामा, सरांच्या कानात कोण आहे?”

“सरच.”

तिला एका क्षणात कळलं. सहा वर्षं गोगलगायींचं निरीक्षण केलेल्या माणसाला चाळीस सेकंद म्हणजे काय! “बंद करा ते,” ती म्हणाली.

“का? भांडू दे की. दमले की गप्प बसतील, तुझ्याबद्दल बोलायला वेळच उरणार नाही.”

“म्हातारा माणूस आहे, मामा. लोक हसतायत.”

“तो म्हातारा माणूस तुझी खोली खुर्च्यांना देणार आहे!”

“म्हणून हसायचं?” आणि तिनं स्वतःच लाल बटणावर बोट ठेवलं.

त्याच वेळी मंचावर सरांच्या कानात वाक्य पोचलं असणार. काय पोचलं ते मला पाठच होतं: मी अकरा गोगलगायी मोजल्यात, अकरा, तुम्ही किती मोजल्यात, आकडा बोला. समोरचा माणूसही अकराच म्हणतोय! आता आपणही अकरा म्हटलं तर बरोबरी होते, आणि बरोबरी हा शब्द सरांच्या कोशात नव्हता.

“अकरा?” सर गरजले. “अकरा ही काय मोजदाद झाली? अकरा तर माझ्या परसातल्या एका कुंडीखाली निघतात! आमच्याकडे चारशे बारा मोजल्यात, चारशे बारा!”

भाचीचं बोट बटणावर तसंच राहिलं.

“आमच्याकडे म्हणाले,” ती पुटपुटली.

“त्या तिसऱ्या रांगेतल्या बाईंनी सहा वर्षं मोजल्यात!” सर चालूच होते. “पान सदतीस, तक्ता चौथा. चारशे बारांपैकी फक्त एकावन्न जुन्या वाटेनं परतल्या. तीनशे एकसष्ट दुसऱ्याच वाटेनं! आणि पान एकशे नऊ वाचलंय का तुम्ही? नसणारच. आलेली वाट ओल्या फडक्यानं पुसून टाकली, तरी गोगलगाय घरी पोचली. वाट पुसली तरी घर सापडतं, तर मग वाटेला विचारतो कोण?”

“पानांचे नंबर पाठ आहेत त्यांना,” भाची म्हणाली.

“तुला झोडपायला पाठ केलेत.”

“असू देत. मामा, ते एकशे नऊ पान आजवर कुणीच वाचलेलं नाही. मी लिहिल्यावर मीसुद्धा वाचलं नव्हतं.” तिचे डोळे भरून आले होते. मी उगाच एक तार उपटून पुन्हा लावली.

दार धाडकन उघडून संचालक आत. “मामा, काय चाललंय? कापा! ताबडतोब कापा!” मग त्यांचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे गेलं. नेहमी सतरा असतात तिथे सहाशे चाळीस. “थांबा. कापू नका.” आठशे. “पण संस्थेची अब्रू… कापा.” अकराशे. “नको, नको, राहू द्या.” मी माझं बोट वर-खाली करून करून सांधा दुखवून घेतला. कुठल्याशा बोटीवरच्या खलाशांनी जाळी ओढायची सोडून ते भांडण बघितलं असं मागाहून कळवलं, आणि एका दवाखान्यात म्हणे डॉक्टरनं रोग्याला सांगितलं, जीभ तशीच बाहेर ठेवा, एवढा मुद्दा होऊ दे.

तेवढ्यात सरांच्या कानात त्यांचाच ‘चारशे बारा’ पोचला. त्यांचा चेहरा खुलला. समोरचा आगाऊ माणूस आता त्यांचंच म्हणणं बोलायला लागला होता!

“आलात ताळ्यावर? चारशे बारा ना? पान सदतीस ना? मग मान्य?”

चाळीस सेकंद ते विजयी मुद्रेनं पाण्याचे घोट घेत उभे राहिले. मग भुवया चढल्या. “मान्य का म्हणून मलाच विचारताय? मान्य म्हणजे मान्य! लेखी हवंय का? घ्या! समस्त सभेनं नोंद घ्यावी, की परतवाट त्या अकरा गोगलगायींपुरतीच खरी होती. जाऊ दे, संपला विषय.” आणि ते खुर्चीत बसले.

टाळ्या पडल्या. मी भाचीला मिठीच मारली. “वाचली तुझी खोली!”

तिनं माझे हात बाजूला केले. “उद्या हेच रेकॉर्डिंग सर बघतील. कळल्यावर म्हणतील, मामा-भाचीनं मिळून मला फसवलं. मग खोलीही जाईल आणि एकशे नऊ पानही.”

“अगं, कळू दे उद्या! आज तरी गप्प बस!”

पण ऐकेल तर ती माझी भाची कसली. आडात असतं तेच पोहऱ्यात येतं. माझी बहीण अशीच आहे. ती तरातरा मंचावर गेली आणि माइकपाशी उभी राहिली. मी कपाळावर हात मारून घेतला.

“सर,” ती मोठ्यानं म्हणाली, “तुमच्या खिशात फोन चालू आहे. इतका वेळ कानात बोलत होता तो माणूस तुम्हीच होता.”

सभागृहात टाचणी पडली असती तर ती पडायची थांबली असती. संचालक माझ्या कानाशी किंचाळले, “कापा!” माझं बोट बटणावर गेलं. मंचावरून सरांचा हात वर झाला.

“मामा, त्या बटणाला हात लावाल तर बघा! गेल्या वर्षी लपवलंत मला. यंदा चालायचं नाही.”

मग त्यांनी हळूहळू खिशातून फोन काढला. चष्मा कपाळावर सरकवला. फोनमध्ये एक म्हातारा तावातावानं बोट नाचवत म्हणत होता, की परतवाट अकरा गोगलगायींपुरतीच खरी होती. सर ते बघत राहिले. समोर शंभर माणसं आणि घराघरांतली अडीच हजार माणसं सरांना बघत राहिली. मी मनातल्या मनात खुर्च्या मोजायला लागलो. मोडक्या सदतीस होत्या.

“कॉलर आत आहे,” सर अखेर म्हणाले. “आवाज किरटा आहे. पण हा माणूस बोलतोय ते बरोबर आहे.”

त्यांनी फोन टेबलावर ठेवला.

“चाळीस वर्षांत मला वादात हरवणारा कुणी भेटला नाही,” सर म्हणाले. “याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमणारही नव्हतं. पण याच्या हातातली लाठी तुझी होती, पोरी. सकाळी मान हलवली होती मी.”

“माशीसाठी ना?”

“माशीसाठी आधी हलवली. मग पुन्हा हलवली. तू तेव्हा कागद उलटत होतीस.”

संचालकांनी मंचावर धावत जाऊन जाहीर केलं, की खोली राहील, आणि संस्थेला तर पहिल्यापासून खात्रीच होती. मोडक्या खुर्च्या आता बाहेर व्हरांड्यात आहेत. येणारे-जाणारे त्यांना अडखळतात आणि मला शिव्या घालतात.

इथे मी थांबलो असतो. पण सर थांबले नाहीत ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ते स्वतःचं स्टूल घेऊन भाचीच्या खोलीत हजर. कानावर लाल पेन्सिल. म्हणाले, “सिद्धान्त पाडायला मी हातभार लावलाय, आता उभारायलाही लावणार.” तेव्हापासून रोज येतात. आणि बाटलेला माणूस मोठा कडवा असतो, त्याचा प्रत्यय भाचीला रोज येतोय. ती बिचारी जपून लिहिते, की बहुतेक गोगलगायी दुसऱ्या वाटेनं परततात. सर ‘बहुतेक’ खोडतात.

“सर, एकावन्न परतल्यात जुन्या वाटेनं. मी स्वतः मोजल्यात.”

“चुकून परतल्या.”

“एकावन्न? चुकून?”

“तुझा तुझ्याच शोधावर विश्वास नाही! माझ्यासारखा माणूस तुझ्या बाजूनं उभा आहे, आणि तू ‘बहुतेक’ म्हणतेस? गोगलगाय जुन्या वाटेवर परत फिरत नाही म्हणजे नाही! एकही नाही!”

काल दुपारी मी तिच्या खोलीतला दिवा बघायला गेलो, तर ती दाराबाहेर, खुर्च्यांच्या ढिगाआड उभी राहून दबल्या आवाजात फोनवर बोलत होती. केस विस्कटलेले, गालावर नेलपॉलिश. पलीकडे सरांच्या बाई होत्या. त्यांचा आवाज फोनबाहेर तीन हातांपर्यंत येतो.

“बाई, हात जोडते. आठवड्यातून एक दिवस तरी सरांना घरी ठेवून घ्या हो.”

“छे गं! पंचावन्न वर्षांनी माझं घर शांत झालंय. तू तुझी खोली वाचवलीस, मी माझी वाचवतेय.”

“अहो, पण ते माझ्या एकावन्न गोगलगायी खोडतायत!”

“मग भांड की. त्यांना आवडतं.”

फोन बंद झाला. आतून सरांचा आवाज आला, “अगं ए! ही त्र्याऐंशी नंबरची जुन्या वाटेवर मागे वळतेय बघ! उचलून सरळ करू का?”

“सर, तिला हात लावू नका!” असं ओरडत माझी भाची आत धावली.